एकशे चाळीस मार्कांचा माग



ज्या शिक्षकांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या शाळेच्या ग्रंथसंग्रहातील मुलांच्या गोष्टींची पुस्तके कुलुपातून बाहेर काढून मुलांच्या हाताला पोचतील अशा फळीवर मांडली, ही एकच गोष्ट त्यांच्या थोरवीला पुरेशी आहे असे मी मानतो. आणि म्हणूनच या गंभीर व्यासपीठावरून मुलांच्या एका विनोदी हेरकथेविषयी बोलण्याची अनुज्ञा मी चालकांकडे मागितली, तेव्हा ती त्यांनी तत्काळ दिली याचे मला नवल वाटले नाही. माझा विषय आहे एरिश केस्टनर या जर्मन ग्रंथकाराची, १९२९ साली बर्लिन शहरी प्रसिद्ध झालेली, एमिल नावाच्या मुलाची आणि त्याच्या हेरमंडळींची कादंबरी. ती हसवते हे सर्वांना ठाऊक आहे. ती एका आईविषयी आणि मुलाविषयी आहे, आणि तिच्यातील सारी हेरगिरी ही त्या मायेची शिस्तबद्ध कारवाई आहे, हे मात्र पुरेसे सांगितले जात नाही. ते मला आज सविस्तर सांगावयाचे आहे.

हेर म्हटला म्हणजे मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे बहिर्जी नाईक उभा राहतो. वेषांतर करून शत्रूच्या मुलखात शिरावे, खजिना कोठे आहे, शिबंदी किती आहे, वाट कोठून आहे याची पक्की बातमी काढावी आणि ती बिनबोभाट शिवाजी महाराजांच्या कानी घालावी, हे त्याचे काम. त्या कामाच्या पाठीशी एक राज्य उभे असते आणि त्या राज्याच्या भवितव्यावरून त्या साहसाची किंमत ठरते. केस्टनरच्या कथेत राज्य नाही, गड नाही, खजिनाही नाही. तेथे आहे नॉयश्टाट नावाच्या लहान गावातील एक विधवा, जी आपल्या राहत्या घरात बायकांचे केस धुऊन आणि वळवून देऊन आपला आणि आपल्या मुलाचा चरितार्थ चालवते, आणि तिने महिनोन्महिने काटकसर करून बाजूला ठेवलेले एकशे चाळीस मार्क. तीन नोटा: एक शंभराची, दोन विसाच्या. त्यांतले एकशे वीस बर्लिनला असलेल्या म्हाताऱ्या आईला द्यावयाचे, आणि वीस मुलाने प्रवासखर्चासाठी जवळ ठेवावयाचे. मागच्या खेपेला आपल्याकडून काही पाठवणे झाले नाही, हात फार आखडता होता, हे आजीला सांग, असेही ती मुलाला बजावते. गिरणीतल्या पगारातून कोकणातल्या घरी मनीऑर्डर धाडणाऱ्या माणसाचा विवंचनेचा हिशेब ज्या समाजाने पिढ्यान्पिढ्या पाहिला, त्या समाजातील वाचकाला या तीन नोटांचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

एमिल टिशबाइन आगगाडीत बसतो. खिशातला लखोटा पुन्हा पुन्हा चाचपूनही त्याचे समाधान होत नाही, तेव्हा तो शौचगृहात जाऊन दार लावून घेतो आणि टाचणी काढून लखोट्यासकट त्या नोटा कोटाच्या अस्तराला टोचून ठेवतो. डब्यात त्याच्यासमोर ताठ गोल टोपी घातलेला ग्रुंडाइस नावाचा एक गृहस्थ उरतो, त्याला चॉकलेट देतो, आणि बर्लिनविषयी अशा काही थापा मारतो की त्या ऐकून मोठ्या माणसालाही हसू आवरू नये: तेथील घरे शंभर मजल्यांची असून वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांची छपरे आभाळाला बांधून ठेवावी लागतात, आणि पैशांची नड असलेल्या माणसाने पेढीत जाऊन आपला मेंदू गहाण टाकला की त्याला हजार मार्क मिळतात, फक्त तो सोडवून घेताना बाराशे मोजावे लागतात. एमिलला डुलकी लागते, आणि स्वप्नात त्याची आगगाडी घोडे जुंपलेली होऊन त्याच्याच मागे धावू लागते. जाग येते तेव्हा समोरची जागा रिकामी असते आणि कोटाच्या अस्तरात टाचणी तेवढी शिल्लक असते. गाडी प्राणिसंग्रहालयाच्या स्थानकावर थांबलेली. उतरावयाचे होते पुढच्या फ्रीडरिखस्ट्रासे स्थानकावर, जेथे फुलांच्या दुकानापाशी आजी आणि मावसबहीण वाट पाहत उभ्या आहेत. गर्दीत ती गोल टोपी दिसताच मुलगा पेटी आणि फुलांचा गुच्छ घेऊन उडी टाकतो.

येथे एक प्रश्न कोणताही सुज्ञ वाचक विचारील: मुलाने पोलिसांत वर्दी का दिली नाही? त्याचे जे उत्तर केस्टनरने योजले आहे त्यात मला त्याच्या प्रतिभेचा पहिला पुरावा दिसतो. एमिलने आणि त्याच्या सोबत्यांनी गावातील एका ग्रँड ड्यूकच्या पुतळ्याच्या डोक्यावर जुनी टोपी चढवून त्याचे नाक लाल आणि मिशा काळ्या रंगवल्या होत्या, आणि ते करताना येश्के नावाचा जमादार चौकात आलेला त्याने पाहिला होता. त्यामुळे स्वतः गुन्हेगार असलेल्या माणसाने फिर्याद नोंदवावी कशी, या भीतीने त्याची वाचा बसते. प्रौढांना हा प्रसंग हास्यास्पद वाटेल. पण आपले बालपण ज्याच्या स्मरणात शाबूत आहे त्याला हे ठाऊक असते की मुलाच्या मनात एक अखंड चाललेली कचेरी असते, तीत तोच आरोपी असतो, तोच मुन्सफ असतो, आणि तेथील शिक्षा सरकारी न्यायालयापेक्षा कडक असतात. केस्टनर या भीतीला हसतो, पण ती भीती बाळगणाऱ्या मुलाला हसत नाही. हा विवेक विनोदी बालवाङ्मयाचा प्राण आहे, आणि तो ढळला की विनोदाचा उपहास होतो.

मग ट्राम येते. चोर पुढच्या डब्यात, एमिल मागच्या. तिकिटाला पैसे नाहीत. केस्टनर आडनावाचा एक वार्ताहर त्याचे तिकीट काढतो, आणि असा ग्रंथकार स्वतःच आपल्या कथेत एक क्षण येऊन आपल्या नायकाला मदत करून निघून जातो. चोर एका उपाहारगृहाच्या अंगणात निवांत जेवू लागतो. एमिल वर्तमानपत्राच्या टपरीआड उभा राहून पाळत ठेवतो. आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागे मोटारचा भोंगा वाजतो. भोंगा असतो गुस्टाव्ह नावाच्या मुलाच्या हातात. एमिल त्याला सगळी हकीकत सांगतो, आणि गुस्टाव्ह क्षणाचाही विलंब न लावता आळीतून दोन डझन पोरे गोळा करून आणतो.

यापुढची प्रकरणे म्हणजे कारभाराचा एक उत्कृष्ट धडा आहे. चष्मा लावणारा, सर्वजण ज्याला प्रोफेसर म्हणतात तो मुलगा सल्लामसलतीची सूत्रे हाती घेतो. वर्गणी जमा होऊन मोहिमेचा खजिना तयार होतो. परवलीचा शब्द ठरतो. राखीव तुकडी वेगळी काढली जाते. आजीकडे खलिता घेऊन एक जासूद रवाना होतो, कारण वाट पाहणाऱ्या माणसाला कळवल्यावाचून ठेवणे हा एमिलच्या मते चोरीएवढाच गुन्हा आहे. आणि डीन्स्टाग नावाच्या सर्वांत धाकट्या मुलाला, त्याच्या घरी दूरध्वनी आहे एवढ्याच कारणास्तव, घरी बसून येणारी प्रत्येक बातमी नोंदवण्याचे काम सोपवले जाते. त्या काळच्या बर्लिनच्या दप्तरी, लष्करी आणि व्यापारी व्यवस्थांचे मुलांनी केलेले हे अनुकरण कमालीचे विनोदी आहे. परंतु त्या व्यवस्थांत सहसा न आढळणारी एक गोष्ट येथे आहे. येथे कोणीही वेतनासाठी, बढतीसाठी किंवा दराऱ्यामुळे काम करीत नाही. एका परक्या गावच्या मुलाच्या आईचे पैसे चोरीला गेले, एवढी हकीकत त्यांना पुरते.

चोर नोलेनडॉर्फ चौकातील एका हॉटेलात उतरतो, आणि तेथल्या उद्वाहकावर काम करणाऱ्या पोऱ्याची वर्दी अंगावर चढवून गुस्टाव्ह आत शिरतो. वेषांतर, पाळत, फितुरी, नाकेबंदी ही हेरकथेची सारी उपकरणे येथे हजर आहेत. तथापि या कादंबरीचा गाभा कोठे आहे असे मला कोणी विचारले, तर मी त्या रात्रीच्या पहाऱ्यात एमिल आणि प्रोफेसर यांच्यात झालेल्या बोलण्याकडे बोट दाखवीन, ज्यात एकही साहस घडत नाही. दोन मुले आपापल्या घरांविषयी बोलतात. तुमच्या घरी पैसे आहेत का, असे एक विचारतो. दुसरा म्हणतो की ठाऊक नाही, घरी तो विषय फारसा निघत नाही. आणि त्यावर पहिला जे अनुमान काढतो ते असे की ज्यांच्या घरी तो विषय निघत नाही त्यांच्याकडे पैसे पुष्कळ असावेत. एमिलच्या घरी तो विषय नेहमी निघतो, कारण आई मिळवते आणि तरी पुरत नाही. प्रोफेसरच्या घरी सुबत्ता आहे, परंतु आईबाप फारसे घरी नसतात. एमिलला बाहेर भटकण्याची मुभा आहे. पण तो भटकत राहिला तर आई एकटी जेवायला बसेल, हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो घरी परततो. यात कोणी कोणाची कीव करीत नाही आणि कोणी कोणाला उपदेश करीत नाही. दारिद्र्य आणि एकाकीपण या दोन दुःखांची मुलांनी अंधारात बसून केलेली इतकी शांत तुलना मी बालवाङ्मयात अन्यत्र क्वचितच वाचली आहे.

एमिल शहाणा मुलगा आहे; वर्गात पहिला असतो, आईला मदत करतो. असा नायक मुलांना रुचणे कठीण, आणि केस्टनरला याची जाणीव असावी, कारण तो मुद्दाम थांबून सांगतो की हे शहाणपण एमिलवर कोणी लादलेले नाही. आई कष्ट करते हे पाहून त्याने ते स्वतः पत्करले आहे, आणि ते त्याला नेहमी सोपेही जात नाही. आज्ञाधारकपणा आणि स्वीकारलेले व्रत यांतील हा भेद आपल्या पाठ्यपुस्तकांतील गुणी बाळांना नाममात्रही ठाऊक नसतो, म्हणून ती बाळे कागदावरच राहतात.

सकाळ होते तेव्हा चौकात शंभराहून अधिक मुले जमलेली असतात. चोराने पाऊल टाकले की त्याच्या चहूबाजूंनी मुलांचा जमाव चालू लागतो. कोणी त्याला हात लावीत नाही, कोणी शिवी देत नाही. केवळ इतक्या डोळ्यांनी आपल्याला ओळखले आहे या जाणिवेने त्याचा धीर सुटतो. तो एका पेढीत शिरून नोटा मोडून घेऊ पाहतो. एमिल पुढे होऊन म्हणतो की या नोटा माझ्या आहेत, आणि पुरावा मागितला जातो तेव्हा त्याला अस्तराची ती टाचणी आठवते. रोखपाल नोटा उजेडासमोर धरतो. प्रत्येकीत टाचणीची बारीक भोके. कष्टाच्या पैशाविषयी वाटणाऱ्या आदरापोटी मुलाने घेतलेली खबरदारी चोरी टाळू शकली नाही, पण तीच मुद्देमालावरची मोहोर ठरली. पोलीसठाण्यात तो इसम एकामागून एक निरनिराळी नावे सांगतो, आणि शेवटी तो पेढी लुटणारा पाहिजे असलेला गुन्हेगार निघतो. हजार मार्कांचे इनाम मिळते. त्यातून आईसाठी केस वाळवण्याचे विजेचे यंत्र आणि आतून फर लावलेला कोट घ्यावा, असे एमिल म्हणतो. म्हणजे पहिल्या वस्तूने तिचे कष्ट थोडे हलके व्हावेत आणि दुसरीने तिला ऊब मिळावी. शेवटी आजी या साऱ्या प्रकरणाचे तात्पर्य काढते, ते इतकेच की पैसे धाडावयाचे ते मनीऑर्डरनेच धाडावेत. त्याआधी ती एक गोष्ट मात्र मनापासून करते: सगळे जग रस्त्यावर धावत असताना जो कंटाळा न करता दूरध्वनीपाशी बसून राहिला, त्या धाकट्या डीन्स्टागची ती सर्वांसमक्ष वाखाणणी करते. पराक्रम दिसतो त्याला टाळ्या मिळतात. घरी बसून जो व्यवहार सांभाळतो त्याची नोंद आजीच ठेवते, कारण तिनेही जन्मभर तेच काम केले आहे.

आता ही कथा आली कोठून? प्रास्ताविकात केस्टनर मोठ्या विनोदाने सांगतो की त्याला खरे म्हणजे दक्षिण सागरातील बेटांची, नरभक्षकांची एक अद्भुत कादंबरी लिहावयाची होती; पण देवमाशाला पाय किती असतात या प्रश्नापाशी तो अडला, आणि एका उपाहारगृहाच्या वृद्ध वाढप्याने त्याला सल्ला दिला की जे तुम्ही पाहिले आहे, ओळखले आहे, त्यावर लिहा. वाढप्याचा सल्ला त्याने मानला, पण त्याने काय पाहिले होते हे वाचकाला कळण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. १९५७ साली त्याने आपल्या बालपणाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या, आणि त्यांत ती गोष्ट सापडते.

केस्टनरचा जन्म २३ फेब्रुवारी १८९९ रोजी ड्रेस्डेन येथे झाला. बाप खोगिरे तयार करणारा कुशल कारागीर. पण स्वतंत्र धंदा बुडाल्याने पेट्यांच्या कारखान्यात मजुरी करणारा. आई ईडा तिशी उलटल्यावर केशभूषेचे काम शिकली आणि राहत्या घरात तिने आपला धंदा मांडला. मुलाने शिकावे, मोठे व्हावे, या एका ध्यासावर तिने आपला सारा जीव एकवटला होता, आणि त्या ताणाखाली ती वेळोवेळी कोसळत असे. शाळेतून घरी आलेल्या मुलाला कधीकधी स्वयंपाकघरातील मेजावर निरोपाच्या चार ओळी लिहिलेली चिठ्ठी सापडे. आपल्याला आता सोसवत नाही आणि आपला शोध करू नये, असा तिचा आशय. ती वाचताच तो मुलगा घराबाहेर धाव घेई, आणि एल्ब नदीवरचे पूल एकामागून एक पालथे घाली. बहुतेक वेळा ती कोठल्या तरी पुलावर कठड्याला टेकून, पाण्याकडे पाहत, पुतळ्यासारखी निश्चल उभी असलेली सापडे. तो तिला हलवी, हाक मारी, आणि हात धरून घरी आणी.

श्रोतेहो, एमिलच्या कादंबरीतील पाठलागाचा उगम मी येथे मानतो. गर्दीत एका आकृतीवर नजर खिळवून धावणे, दिसेनाशी झाली की काळजात धस्स होणे, वेळेवर पोचू की नाही या विवंचनेने पावले झपाट्याने टाकणे, हे सारे त्या मुलाने खेळात शिकलेले नव्हते. आणि त्याच आठवणींत दुसरीही एक हकीकत आहे, जी तर प्रत्यक्ष एमिलचा कच्चा खर्डाच वाटते. एका बाईने घरी लग्न आहे, अनेक स्त्रियांचे केस सजवावयाचे आहेत, असे सांगून आईला बोलावले. आई सारे साहित्य घेऊन त्या पत्त्यावर गेली तेव्हा तेथे ना लग्न होते ना तशी कोणी बाई. दिवसाची कमाई बुडाली. काही काळाने त्या मुलाला तीच बाई रस्त्यात दिसली. त्याने शहरभर तिचा माग काढला, ती ज्या दुकानात नोकरीला होती तेथपर्यंत गेला, आणि तेथल्या वरिष्ठांपुढे आईची तक्रार गुदरली. आईच्या बुडालेल्या पैशांसाठी परक्या माणसाच्या मागे एकटा चालत जाणारा मुलगा केस्टनरने कल्पिलेला नाही. कादंबरी लिहिताना त्याने त्यात एका गोष्टीची भर घातली, आणि तिच्यात कलावंताचे सारे औदार्य साठले आहे: त्याने त्या मुलाला शंभर सोबती दिले.

बापाचे काय झाले? कादंबरीत तो आधीच निवर्तला आहे. खरा बाप तर दीर्घायुषी, अबोल, हातात कसब असलेला माणूस होता, आणि त्याचे नाव एमिल होते. नाताळच्या संध्याकाळी तो मुलासाठी स्वतःच्या हाताने लाकडी तबेला, घोडे आणि गाडी घडवी, तर आई पै-पै जोडून आणलेल्या भेटींचा ढीग मांडी. आणि दोघेही मुलाच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत. मुलगा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळून आनंदाची काटेकोर समान वाटणी करी, कारण कोणाकडे रेसभर अधिक हसला तर दुसऱ्याचा जीव दुखावेल हे त्याला समजले होते. दोन्ही पक्षांची मने राखून स्वतःच्या मनाचा थांग कोणालाही लागू न देणे, हे मुत्सद्द्याचे आणि हेराचे कौशल्य. ते या बालकाने सणाच्या दिवशी, दिव्यांच्या झाडाखाली आत्मसात केले. पुढे ग्रंथकाराने आपल्या नायकाच्या घरातून बाप वजा केला आणि त्याचे नाव मात्र नायकाला दिले. या कृतीत अन्याय किती आणि प्रायश्चित्त किती, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण कौटुंबिक जिव्हाळ्याची कथा म्हणून हे पुस्तक वाचताना त्या नावाकडे दुर्लक्ष करू नये.

पुस्तक काढण्याची कल्पना मूळ एडिथ याकोबसोन या प्रकाशिकेची. मुलांविषयी तुम्ही लिहिता, मग मुलांसाठी का लिहीत नाही, असे तिने केस्टनरला विचारले. वाल्टर ट्रीअर याने चित्रे काढली. पिवळ्याजर्द मुखपृष्ठावर जाहिरातींच्या खांबाआडून दोन मुले गोल टोपीवाल्यावर नजर ठेवून आहेत, ते चित्र आज जर्मनीत प्रत्येक वाचक ओळखतो. १९३१ साली चित्रपट निघाला. पटकथेवर बिली वाइल्डरचे नाव आहे. आणि लगेच दुर्दिन आले. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात नाझींनी जी पुस्तके जाळली त्यांत केस्टनरची पुस्तके होती, आणि ती जळताना तो स्वतः त्या गर्दीत उभा राहून पाहत होता. एमिल त्या प्रारंभीच्या बंदीतून वगळला गेला होता, पण पुढे त्याच्यावरही बंदी आली. प्रकाशिका आणि चित्रकार दोघेही ज्यू. दोघांनाही देशत्याग करावा लागला. ती १९३५ साली लंडनमध्ये वारली, तो १९५१ साली कॅनडात. चित्रपटात एमिल, गुस्टाव्ह आणि धाकटा डीन्स्टाग झालेली तिन्ही मुले पुढे सैन्यात भरती होऊन महायुद्धात ठार झाली. केस्टनर देश सोडून गेला नाही. त्याच्या अनेक कारणांत एक कारण ड्रेस्डेनची आई हेही होते, जिला तो जवळजवळ रोज पत्र लिही आणि जिच्याकडे आपले कपडे धुवायला टपालाने पाठवी.

या पुस्तकात एक उणीव मला स्पष्ट दिसते आणि ती सांगितलीच पाहिजे. एमिलची मावसबहीण पोनी ह्यूट्शन ही सायकलवर स्वार होऊन येते, तिची जीभ तिखट आहे, बुद्धी सर्वांहून चपळ आहे. आणि तरी मोहीम रंगात येते तेव्हा तिला घरी परतावे लागते, आणि कॉफी द्यायला ती पुन्हा हजर होते. इतक्या उमद्या पात्राला पहाऱ्यावर उभे करण्याचे धैर्य केस्टनरला झाले नाही, याची मला खंत वाटते.

१९३५ साली या कथेचा उत्तरभाग निघाला, तोही जर्मनीबाहेर, स्वित्झर्लंडमध्ये. विनोद आणि पाठलाग तेथेही आहेत. परंतु त्यातील खरी घटना ही की ज्या जमादार येश्केच्या धास्तीने एमिल पोलिसांत गेला नव्हता, तोच आता आईला मागणी घालतो. मुलाला ते सहन होत नाही, पण आईच्या सुखासाठी तो संमती देतो. पुढे समुद्रकाठी आजी त्याला समजावते की आईलाही मनातून केवळ तुझ्याजवळच राहणे आवडले असते, पण तू मोठा होऊन दूर जाशील तेव्हा काय, हा विचार करून, आणि तुझा भार हलका व्हावा म्हणून, ती हे करीत आहे. म्हणजे दोघेही एकमेकांसाठी त्याग करीत आहेत आणि दोघेही तो एकमेकांपासून लपवीत आहेत. आजी त्याला सांगते की हे तू जाणतोस याचा सुगावा आईला कधीही लागू देऊ नकोस. हेरकथेत गुपित हस्तगत करणे हा विजय असतो. येथे ते कळल्यावर जन्मभर सांभाळणे हा विजय आहे, आणि या मुलाने पेढीत मिळविलेल्या विजयापेक्षा मी तो श्रेष्ठ समजतो.

आपल्याकडे आई आणि मुलगा यांचे नाते म्हटले की साने गुरुजींचा श्याम आठवतो, आणि तो साहजिकच आठवावा. श्यामचे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली, म्हणजे बर्लिनला पुस्तके जळत होती त्याच वर्षी लिहिले गेले. साहसाची बाजू भा. रा. भागवतांनी सांभाळली, फुरसुंगीहून पुण्यास विद्याभवनात शिकायला आलेला त्यांचा बनेश फेणे हा चोरांच्या आणि हेरांच्या मागे सायकल पिटाळणारा आपला सर्वांत लाडका वीर. श्यामच्या गोष्टीत अश्रू आहेत, फेण्याच्या गोष्टींत वेग आणि हास्य आहे, आणि दोन्ही प्रवाह अस्सल आहेत. ते एकत्र वाहताना मात्र मराठीत मला फारसे पाहावयास मिळाले नाहीत. फेणे संकटात सापडतो तेव्हा घरी कोणाचे किती नुकसान होणार आहे याचा हिशेब वाचकाजवळ नसतो, आणि श्यामच्या घरी ज्या हिशेबाने माणसे खचतात त्यातून मुले एकत्र येऊन, हसतखेळत, हक्काचे पैसे वसूल करून आणतील ही शक्यता उघडत नाही. ही त्या थोर लेखकांवरची टीका नव्हे. त्यांनी आपापले काम पूर्ण केले. उरलेले आपले आहे.

म्हणून या सभागृहात जे तरुण लेखक आणि लेखिका बसल्या असतील त्यांना माझी विनंती आहे. देवमाशाच्या पायांची चिंता सोडा. पोळ्या लाटून, शिवणकाम करून, पहाटे वर्तमानपत्रे टाकून घर चालवणाऱ्या माणसांची मुले तुमच्या पेठेत, तुमच्या चाळीत, तुमच्या तालुक्याच्या एसटी स्थानकावर आहेत, आणि त्यांना आज एकमेकांशी संधान बांधायला डीन्स्टागच्या दूरध्वनीपेक्षा कितीतरी सोयी आहेत. त्यांची हेरकथा लिहा. ती खळखळून हसवील अशी लिहा. मुलींना पहाऱ्यावर उभ्या करा. आणि जे पैसे हरवले त्यांचा नेमका आकडा लिहा, ते कोणी कसे मिळविले होते तेही लिहा.